अर्पणपत्रिकेच्या पुढचे पान



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने बोलण्याचा मान आपण मला दिलात याबद्दल मी आपला ऋणी आहे. निमंत्रण आले तेव्हा मराठी कवितेवर बोलावे अशी आपली अपेक्षा असावी. आयुष्यभर तोच विषय शिकविला. त्यावर आणखी तासभर बोलणे मला कठीण नव्हते. परंतु एक जुने देणे फेडावयाचे राहून गेले आहे, ते आज फेडावे असे वाटले.

महाविद्यालयात मी बरीच वर्षे महात्मा फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ शिकवीत असे. शिकविण्याची माझी पद्धत ठरून गेली होती. प्रथम अर्पणपत्रिका, मग प्रस्तावना, मग जोतीराव आणि धोंडिबा यांचा संवाद. १८७३ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ जोतीरावांनी अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी त्या लोकांनी दाखविलेल्या औदार्याबद्दल आदर व्यक्त करून, माझ्या देशबांधवांनीही तोच कित्ता गिरवावा, अशी इच्छा त्यांनी तेथे नोंदविली आहे. पुण्यातला एक माणूस समुद्रापलीकडच्या लढ्याशी आपले नाते सांगतो, हे विद्यार्थ्यांना समजावून देताना मला स्वतःलाच भरून येई. मग मी पान उलटीत असे.

एके वर्षी मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, त्या लोकांचे पुढे काय झाले?” मी म्हणालो, “ते मुक्त झाले.” तो म्हणाला, “ते झालेच सर. पण त्यानंतर?” मी काही तरी सांगून वेळ मारून नेली. इतिहासाचा तास वेगळा असतो, असेही म्हणालो असेन. त्या मुलाला माझ्याकडून उत्तर मिळाले नाही, आणि ते शोधण्याची निकड मला निवृत्तीनंतर वाटली. आजचे व्याख्यान हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे. ते फार दूरच्या मुलखातून सुरू होते. पण शेवटी आपल्या इंदूरच्या वेशीपर्यंत येऊन थांबते, एवढे आधीच सांगून ठेवतो.

जोतीराव ‘गुलामगिरी’ लिहीत होते तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत नेमके काय चालले होते? आपण एकच राज्य घेऊ : दक्षिण कॅरोलायना. हेच राज्य १८६० च्या डिसेंबरात संघराज्यातून सर्वांत आधी फुटून निघाले आणि याच राज्यातील चार्ल्सटनच्या बंदरात यादवी युद्धाची पहिली तोफ डागली गेली. १८६० च्या शिरगणतीत तेथील लोकसंख्या सुमारे ७ लाख होती आणि तीत ४ लाखांहून अधिक माणसे गुलाम होती. म्हणजे अर्ध्याहून अधिक प्रजा ही उरलेल्यांची मालमत्ता होती.

१८६५ मध्ये युद्ध संपले, गुलामगिरी कायद्याने गेली. मात्र त्याच वर्षाच्या अखेरीस जुन्या मालकवर्गाच्या विधिमंडळाने मुक्त झालेल्या लोकांसाठी वेगळे कायदे केले. मजुरीचा करार करणारा कृष्णवर्णीय हा ‘नोकर’ आणि त्याला कामावर ठेवणारा ‘धनी’, असे शब्दच कायद्यात घातले. शेतमजुरी किंवा घरकाम सोडून दुसरा धंदा करावयाचा तर न्यायाधीशाचा परवाना; दुकान काढावयाचे तर त्या परवान्याला वर्षाला १०० डॉलर. ज्याच्याजवळ काम नाही तो उनाड, म्हणून शिक्षेस पात्र. ‘गुलाम’ हा शब्द तेवढा गाळला होता.

हे कायदे टिकले नाहीत. वॉशिंग्टनच्या संसदेने दक्षिणेचा कारभार लष्कराच्या देखरेखीखाली आणला, मुक्त पुरुषांना मताचा अधिकार दिला, आणि १८६८ मध्ये चार्ल्सटनला नवी राज्यघटना लिहिण्यासाठी जी परिषद भरली तीत बहुसंख्य प्रतिनिधी कृष्णवर्णीय होते. त्यांत रॉबर्ट स्मॉल्स नावाचा एक गृहस्थ होता. गुलाम असताना तो ‘प्लँटर’ नावाच्या लष्करी आगबोटीवर सुकाणू धरीत असे. १८६२ च्या मे महिन्यात गोरे अधिकारी रात्री किनाऱ्यावर गेलेले पाहून त्याने बायकामुलांना आणि सोबत्यांना बोटीवर घेतले आणि पहाटे किल्ल्यांच्या तोफांसमोरून, कप्तानाची टोपी घालून, ठरलेले इशारे देत बोट थेट उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केली. अशी माणसे त्या परिषदेत कायदा करण्यास बसली होती. त्यांनी सर्व मुलांसाठी सरकारी शाळांची योजना घटनेत घातली. त्या राज्यात अशी योजना पूर्वी नव्हती. भूमिहीनांना हप्त्यांनी जमीन विकण्यासाठी एक सरकारी मंडळही पुढे स्थापन झाले. त्या मंडळाच्या कारभारात लबाडी झाली, हेही खरे. ते झाकण्याचे कारण नाही.

आता १८७३ हे साल पाहा. जूनमध्ये पुण्यात ‘गुलामगिरी’ बाहेर पडली, सप्टेंबरात सत्यशोधक समाज स्थापन झाला. त्याच वर्षी दक्षिण कॅरोलायनाच्या कनिष्ठ सभागृहात कृष्णवर्णीय सभासदांचे बहुमत होते. आणि ऑक्टोबरात राज्याच्या विद्यापीठात पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी दाखल झाला. तो होता हेन्री हेन, राज्याच्या मंत्रिमंडळातला एक अधिकारी. पदावर असताना तो वैद्यकाच्या वर्गात जाऊन बसला. तेव्हा जोतीरावांनी केलेले कौतुक भाबडे होते असे कोणी म्हणू नये. ज्या क्षणी त्यांनी ते शब्द लिहिले त्या क्षणी ते खरे होते. किंबहुना इतके खरे ते आधी कधी नव्हते आणि पुढे दीर्घकाळ राहिले नाही.

कारण पुढचे पान तीन-चार वर्षांतच उलटले. १८७६ च्या जुलैत, अमेरिकी स्वातंत्र्याची शंभर वर्षे साजरी होत असताना, हॅम्बुर्ग नावाच्या लहानशा गावात कृष्णवर्णीय शिबंदीची कवायत रस्त्यावर चालू होती. दोन गोऱ्या शेतकऱ्यांची गाडी आली. वाट कोणी द्यावयाची यावरून बाचाबाची झाली. चार दिवसांनी जमावाने गाव घेरले आणि पकडलेल्यांपैकी काहींना ओळीने बाहेर काढून गोळ्या घातल्या. खटले दाखल झाले. शिक्षा कोणालाही झाली नाही. त्या वर्षीची निवडणूक तांबडे सदरे घातलेल्या सशस्त्र स्वारांच्या दहशतीखाली पार पडली. १८७७ च्या एप्रिलात राजधानीतल्या विधानभवनाभोवतीचे संघराज्याचे सैनिक काढून घेण्यात आले आणि राज्य जुन्या मालकांच्या हाती गेले. विद्यापीठ त्याच वर्षी बंद केले. १८८० मध्ये उघडले ते फक्त गोऱ्यांसाठी. तेथे पुन्हा कृष्णवर्णीय विद्यार्थी बसले ते १९६३ मध्ये. सुमारे नव्वद वर्षे! आपल्याकडे एवढ्या काळात तीन पिढ्या होतात.

मताधिकार एकदम काढून घेता येत नव्हता. वंशावरून मत नाकारू नये, असे राष्ट्राच्या घटनेची पंधरावी दुरुस्ती सांगत होती. पण वंश सोडून दुसऱ्या कारणाने नाकारण्यास तिची मनाई नव्हती. १८९५ च्या नव्या राज्यघटनेने मतदाराला घटनेचे कलम वाचून दाखविण्याची किंवा मालमत्ता दाखविण्याची अट घातली, डोईपट्टी लावली. आणि कोणाला वाचता येते हे ठरविणारा अधिकारी अर्थातच गोरा होता. त्या परिषदेत कृष्णवर्णीय प्रतिनिधी अवघे सहा उरले होते, आणि त्यांतला एक वृद्ध रॉबर्ट स्मॉल्स होता. त्याने विरोधात भाषणे केली, विरोधात मत दिले आणि घटनेवर सही करण्यास नकार दिला. सत्तावीस वर्षांपूर्वी ज्या घटनेच्या रचनेत तो होता, तीच मोडली जात असताना त्याला पाहावे लागले. मग वेगळे आगगाडीचे डबे आले, वेगळे पाणी आले, वेगळे बाक आले. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगळे पण समान या तत्त्वावर मोहोर उठविली.

हे सगळे आपल्यापर्यंत का पोहोचले नाही? एक कारण असे की ते खुद्द अमेरिकेतच पुसले गेले होते. हे पुसण्याचे काम गावगुंडांनी नव्हे, तर विद्वानांनी केले. म्हणून मला प्राध्यापक या नात्याने ते अधिक बोचते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात विल्यम डनिंग नावाचे मोठे इतिहासकार होते. युद्धानंतरची ती बारा वर्षे म्हणजे अडाण्यांच्या हाती गेलेला भ्रष्ट कारभार, असे चित्र त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी रंगविले. ते क्रमिक पुस्तकांत गेले, आणि १९१५ मध्ये ‘बर्थ ऑफ ए नेशन’ या बोलपटपूर्व काळातल्या प्रचंड लोकप्रिय चित्रपटाने ते घराघरांत नेले. रॉबर्ट स्मॉल्स त्याच वर्षी वारला.

आणि त्याच वर्षी, त्याच कोलंबिया विद्यापीठात, भीमराव आंबेडकर शिकत होते. इंदूरपासून सुमारे २३ किलोमीटरवरच्या महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेला, लष्करी शाळेत शिकविणाऱ्या सुभेदार रामजी सकपाळांचा हा मुलगा. साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या तरटावर वेगळा बसलेला. शिपायाने वरून ओतल्याशिवाय पाणी न मिळालेला. वेगळा बाक आणि वेगळे पाणी म्हणजे काय, हे समजण्यासाठी त्याला अमेरिकेच्या इतिहासाची गरज नव्हती. गरज पडली ती निराळ्या गोष्टीसाठी : दिलेले परत कसे काढून घेतले जाते हे समजण्यासाठी.

१९३५ मध्ये डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस या कृष्णवर्णीय पंडितांनी त्या कालखंडाचा मोठा इतिहास लिहून डनिंगपंथीयांना उत्तर दिले. १९४६ मध्ये आंबेडकरांनी त्यांना पत्र लिहिले. संयुक्त राष्ट्रांकडे निग्रोंच्या वतीने जो अर्ज गेला होता त्याची प्रत मागितली, आणि द्यू बॉइस यांनी आपुलकीने उत्तर पाठविले. पण त्याआधीच, १९४५ च्या ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या आपल्या इंग्रजी ग्रंथात, आंबेडकरांनी तो सारा हिशेब मांडला होता. निग्रोंनी उत्तरेच्या बाजूने युद्ध लढले, मुक्ती मिळविली, मताचा हक्क मिळविला, आणि ज्यांच्यासाठी रक्त सांडले त्यांनीच पुढे त्यांना दक्षिणेच्या हवाली केले. अस्पृश्यांना हे विसरून चालणार नाही, असे ते बजावतात. रक्त सांडून हवाली होण्याचा अर्थ सुभेदाराच्या मुलाला वेगळा सांगावा लागत नव्हता. १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली, ती त्यांच्या घरातली गोष्ट होती.

जोतीरावांनी अमेरिकेचे एक पान वाचले आणि ते आदर्श म्हणून पुढे धरले. बाबासाहेबांनी पुढचे पान वाचले आणि ते इशारा म्हणून पुढे धरले. गुरूचा मान त्यांनी कमी केला नाही. फुले हे त्यांच्या तीन गुरूंपैकी एक. पण गुरूने जेथे वाचन थांबविले तेथे शिष्य थांबला नाही. मी मात्र इतकी वर्षे पहिल्याच पानावर थांबलो होतो.

आता इंदूर. आंबेडकरांचे १९३६ चे ‘जातिनिर्मूलन’ हे भाषण आपल्याला ठाऊक आहे. लाहोरच्या ज्या मंडळाने बोलाविले त्यानेच ते रद्द केल्यामुळे ते कधी झाले नाही, फक्त छापले गेले. (व्याख्याते हो, आपले भाषण होते आहे यातच समाधान माना.) त्या भाषणाच्या आरंभीच्या भागात ४ जानेवारी १९२८ च्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’तील एका बातमीचा हवाला आहे. तो मी किती तरी वेळा वाचला होता. त्यातली गावांची नावे मात्र मी वाचली नव्हती. डोळ्यांखालून गेली होती इतकेच. ती नावे अशी : कनाडिया, बिचोली हप्सी, बिचोली मर्दाना, आणि इंदूर जिल्ह्यातली आणखी सुमारे पंधरा गावे.

या गावांच्या कलोता, राजपूत आणि ब्राह्मण मंडळींनी, पाटील-पटवाऱ्यांसह, बलाई लोकांना कळविले की गावात राहावयाचे असेल तर आमचे नियम पाळा. बलायांनी जरीकाठी पागोटे बांधू नये. रंगीत किंवा नक्षीच्या काठाचे धोतर नेसू नये. हिंदूंच्या घरी कोणी मेले तर नातेवाईक कितीही लांब असोत, निरोप बलायाने पोहोचवावा. लग्नाच्या वरातीपुढे वाजंत्री वाजवावी. बलाई बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, नक्षीदार पोलकी घालू नयेत, आणि हिंदू स्त्रियांच्या बाळंतपणात सेवेस हजर राहावे. या सर्व सेवांचा मोबदला मागू नये; धनी खुशीने देईल ते घ्यावे. मान्य नसेल तर गाव सोडावे.

बलायांनी नाही म्हटले. मग विहिरी बंद झाल्या. गुरे चारणे बंद झाले. हिंदूंच्या जमिनीतून जाण्यास मज्जाव झाला; ज्या बलायाचे शेत चहूकडून दुसऱ्यांच्या शेतांनी वेढलेले, त्याला स्वतःच्या शेतात जाता येईना. उभ्या पिकांत जनावरे सोडली गेली. त्यांनी दरबारात अर्ज केले. वेळेवर दाद मिळाली नाही. तेव्हा शेकडो बलाई बायकामुलांसह पिढ्यानपिढ्यांची घरे सोडून धार, देवास, बागली, भोपाळ, ग्वाल्हेर अशा शेजारच्या संस्थानांत निघून गेले.

हे वाचताना १८६५ चे ते कॅरोलायनी कायदे डोळ्यांपुढे येतात. सेवेची सक्ती तीच, मोबदला धन्याच्या मर्जीवर तोच, पायाखालची वाट काढून घेणे तेच, आणि शेवटी परागंदा होणेही तेच. १८७८ मध्ये चार्ल्सटनहून ‘अझोर’ नावाच्या जहाजाने शेकडो कृष्णवर्णीय लायबेरियाला निघून गेले होते. एक फरक मात्र मला महत्त्वाचा वाटतो. तेथले नियम विधिमंडळाने केले होते. म्हणून ते रद्द करता आले, त्यांच्याविरुद्ध न्यायालयात जाता आले, इतिहासकारांना ते छापील मिळाले. बिचोलीचा नियम कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात नव्हता. तो पाटलाच्या तोंडी होता. जो नियम कोणी केलाच नाही तो रद्द कोणी करावयाचा?

‘दरबारात दाद मिळाली नाही’ या वाक्यापाशी मला थांबावे लागते. १९२६ मध्ये तिसरे तुकोजीराव गादीवरून दूर झाले होते; यशवंतरावांना पूर्ण अधिकार १९३० मध्ये मिळाले. मधल्या काळात संस्थान चालविले ते अधिकाऱ्यांनी आणि कारकुनांनी. आपण इंदूरचे मराठी लोक होळकरांच्या मागे माळव्यात आलो आणि पिढ्यानपिढ्या दरबारच्या चाकरीवर जगलो. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांची पगडीधारी छायाचित्रे दिवाणखान्यात असतात; माझ्याही आहेत. ते अर्ज कोणाच्या तरी टेबलावर आले असतील. कोणी तरी त्यांवर ‘चौकशी व्हावी’ असे लिहिले असेल, कोणी ते फायलीखाली सरकविले असतील. कोणा एकाला दोष देण्यासाठी मी हे बोलत नाही. पण त्याच सुमारास मुंबईच्या विधिमंडळात आंबेडकर महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडीत होते, महाडच्या तळ्याला वर्ष होत आले होते, आणि आपल्या या सुसंस्कृत शहरात नाटके, गाणी, साहित्यसभा सुरू होत्या. बिचोलीहून हे शहर बैलगाडीने काही तासांवर होते.

आपली राज्यघटना मी साहित्याचा माणूस म्हणून वाचतो. कायद्याचे बारकावे मला कळत नाहीत. पण बिचोलीचे नियम शेजारी ठेवून ती वाचली तर कोरड्या वाटणाऱ्या कलमांना अर्थ येतो. पंधराव्या कलमात विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते यांची नावे घेतली आहेत. मूलभूत हक्कांच्या भारदस्त प्रकरणात विहीर कशाला, असे मला तरुणपणी वाटे. जेथे विहीर बंद करून माणसाला गावाबाहेर काढता येते तेथे ती लिहावीच लागते. तेविसावे कलम वेठबिगारीला नाव घेऊन मनाई करते. अमेरिकेच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी बंद करताना ‘गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल तर सोडून’ अशी एक फट ठेवली होती. उनाडपणाचा आरोप, मग कैद, मग कैदी मजूर भाड्याने, अशी त्या फटीतून जुनी गुलामी परत आली. ती फट येथे नाही. सतरावे कलम अस्पृश्यता पाळणे हाच गुन्हा ठरविते, मग पाळणारा सरकार असो वा पाटील. आणि तीनशे सव्विसावे कलम प्रौढाला मत देते. त्याला वाचून दाखवावे लागत नाही, डोईपट्टीची पावती लागत नाही. घटना एका माणसाने लिहिली नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु मसुदा समितीच्या अध्यक्षस्थानी दक्षिण कॅरोलायनाची कथा शेवटपर्यंत वाचलेला माणूस होता.

कलमे लिहून झाली म्हणजे बिचोली संपली असे नाही. वरातीत घोड्यावर बसलेल्या नवरदेवाला खाली उतरविल्याच्या बातम्या आपल्याच प्रांतातून येतात आणि आपण त्या सकाळच्या चहाबरोबर वाचतो. १९२८ च्या नियमांत जरीकाठी पागोटे होते. आता घोडा आहे.

महूला बाबासाहेबांच्या जन्मस्थानी आज मोठे स्मारक आहे. दर एप्रिलात महाराष्ट्रातून लाखो माणसे तेथे येतात, आणि इंदूरच्या स्थानकावर त्या दिवसांत मराठी ऐकू येते. बिचोलीला काही नाही. शहर वाढत वाढत त्या गावांपर्यंत गेले. रिंग रोडच्या पलीकडे वसाहती झाल्या, शाळा झाल्या. मध्यंतरी मी रिक्षाने तिकडे जाऊन आलो. जुन्या गावाची विहीर कोणती, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. कोणाला विचारावे आणि विचारणारा मी कोण, हेच उमगेना.

या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत दरबारच्या जुन्या नोकरदारांची नातवंडे-पतवंडे पुष्कळ आहेत. आपल्या माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या दप्तरांत मोडी, हिंदी वा इंग्रजी कागद असतील. घर विकताना आपण ते रद्दीत देतो. १९२७-२८ चा एखादा शेरा, एखाद्या अर्जाची नक्कल, एखादे खाजगी पत्र त्यांत निघाले तर ते टाकू नका. शाळेच्या ग्रंथालयात आणून द्या. मोडी मला अजून वाचता येते. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहा ते बारा मी तेथे बसत जाईन, असे मुख्याध्यापकांना सांगून ठेवले आहे.